शेजारणीला विचारा

आमच्या धंद्यात किस्से साचतात, त्याला कारण आहे. बरा झालेला पेशंट सर्जनचे हात धरतो, पेढे देतो, मुलाच्या लग्नाला बोलावतो. भूल देणाऱ्या डॉक्टरशी त्याची ओळख असते ती आडवा होण्याआधीची पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले की विचारतो, "आपण कोण?" आभार नाहीत, पेढे नाहीत. मग आमच्या वाट्याला उरतात ते किस्से!

मी मूळची चिपळूणची, पण पंधरा वर्षं वसईत एका हॉस्पिटलात भूल देतेय. मधे आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. गुडघा बदलल्यावर मांडीतली नस बधिर करणारं एक जादा इंजेक्शन दिलं, तर दुखणं खरंच कमी होतं का? दुखणं कमी तर व्यायाम जास्त, आणि व्यायाम जास्त तर माणूस लवकर चालतो. हिशेब साधा आहे.

अडचण एकच. ताप मोजता येतो, बीपी मोजता येतं, पण दुखणं मोजायचं मशीन अजून कोणी काढलेलं नाही. ते पेशंटलाच विचारावं लागतं. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. सांगा, दहापैकी किती?" हा प्रश्न मी आणि आमची ग्रेसी सिस्टर मिळून किती वेळा विचारला असेल, देव जाणे.

*

पण प्रश्नापर्यंत पोचायच्या आधी फॉर्मवर सही लागते. वसईतल्याच होळी भागातले एक आजोबा होते, जन्मभर भाजीची वाडी केलेले. मी त्यांना समजावलं, "आजोबा, आधी आम्ही भूल देणार, मग ऑपरेशन. कळलं ना? मग इथे सही करा."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नऊच्या नऊ पानं वाचली. मग पेन माझ्याकडे परत देत म्हणाले,

"म्हणजे भूल तुमची, आणि सही माझी?"

ग्रेसी तोंडाला पदर लावायला गेली, तर युनिफॉर्मला पदर नाही! ती तशीच बाहेर पळाली. पुढच्या छपाईत आम्ही फॉर्मवर एक ओळ वाढवली, 'येथे भूल म्हणजे चूक नव्हे.' नऊ पानांत लोकांना कळते अशी तेवढी एकच ओळ आहे, असं ग्रेसीचं मत आहे.

*

दुसरा घोळ उपासाचा. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, नाहीतर उलटी फुफ्फुसात जायची भीती असते. ग्रेसी सगळ्यांना बजावून सांगायची, "उद्या कडक उपास हां!"

एक बाई सकाळी टेबलावर आल्या. मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे, उपास आहे ना! दोन सुकेळी, आपली वाळवलेली केळी हो, आणि कपभर दूध, बस."

ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन माझ्यावर चिडले, मी ग्रेसीवर चिडले. ग्रेसी म्हणाली, "मॅडम, पुढचा पेशंट आमच्यातला आहे, चर्चला जाणारा. त्याचा उपास पक्का असतो."

पुढचा पेशंट आला. "अंकल, काही खाल्लंत?"

"मटणाला हात नाही लावला, डॉक्टर. उपासाचं सांगितलेलं ना! फक्त बोंबील-पाव."

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात 'उपास' या शब्दाला बंदी आहे. आता ग्रेसी सांगते, "तोंडाला कुलूप!" आणि तेही दोनदा सांगते.

*

आता स्कोअर. नालासोपाऱ्याचा एक तरुण, कुठल्याशा कंपनीत कामाला, मोटरसायकलवरून पडून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो काही आमच्या अभ्यासातला नव्हता, पण प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. म्हणाला, "दहा!" ग्रेसीने धावतपळत औषध आणलं. तासाने विचारलं, परत "दहा!" मग मी स्वतः गेले. बघते तर हा मोबाइलवर क्रिकेट बघत टोस्ट खातोय.

"अरे, दहा म्हणजे सहन होत नाही असं!"

"ओह, सॉरी मॅडम! मला वाटलं हॉस्पिटलला रेटिंग द्यायचंय. स्टाफ एकदम भारी आहे तुमचा!"

त्याच्या शेजारच्या खोलीत रिटायर झालेले गणिताचे गुरुजी होते. कपाळावर घाम, दात ओठांत रुतलेले. "गुरुजी, किती?"

"साडेसहा."

"एवढा घाम आलाय, आणि साडेसहाच?"

"डॉक्टर, छत्तीस वर्षं पेपर तपासले. दहापैकी दहा मी कोणाला दिलेले नाहीत. दुखण्याला काय म्हणून देऊ?"

*

हे सगळे परवडले. खरी पंचाईत केली ती हिरामावशींनी.

हिरामावशी खाडीकाठच्या गावच्या, भातशेतीवाल्या. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. त्या धवलारीण! त्यांच्याकडे लग्नात धवले म्हणजे लग्नगाणी गायला धवलारीण लागते. भटजी उशिरा आले तर चालतं, धवलारणीशिवाय हळदसुद्धा पुढे सरकत नाही. तीन महिन्यांवर नातीचं लग्न होतं आणि मावशींचा उजवा गुडघा पार गेलेला. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सांगितलं, "मना मांडवात उभी राव्हायचंय. बसून गायलेला धवला नातीला नाय लागत."

ऑपरेशन छान झालं. इंजेक्शनही दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मावशी, दहापैकी किती?"

"शून्य."

संध्याकाळी? शून्य. तिसऱ्या दिवशी? शून्य. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. असे पाच-सहा शून्यवाले मिळाले तर आमचा अभ्यास चमकेल, हा विचार मनात आला. आला म्हणजे आलाच, लपवत नाही.

पण गुडघा वाकेना. व्यायाम घ्यायला मुलगी आली की मावशी म्हणायच्या, "नंतर ये बाय." गुडघा या दिवसांत वाकला नाही तर तो आखडतो, आणि मग मांडवात उभं राहणं सोडा, घरातून अंगणात यायची मारामार. मी कोड्यात पडले. दुखत नाही, तर वाकत का नाही?

ग्रेसी म्हणाली, "मॅडम, हे शून्य खोटं आहे. त्यांची मूठ बघा."

मावशींनी पलंगाची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडलेली. मी जवळ बसले आणि जरा ओरडलेच, "मावशी, दुखतंय तर सांगत का नाही?"

"सांगून काय? बाईने दुखतंय बोललं की तिचं काम जावेच्या आंगावर परतं. चाळीस वर्सांत नाय बोलली कोनाला. आता काय बोलू?"

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "आठ आहे तिचं."

*

शेजारचा पलंग फिलोमिनाबाईंचा. भुईगावच्या, घरची केळीची बाग, त्यांचाही गुडघा त्याच आठवड्यात बदललेला. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"रात्रभर बघते ना. कुशीवर वळताना श्वास धरते. आठ. औषध द्या तिला."

"आणि तुमचं किती?"

"माझं? शून्य!"

यावर हिरामावशी पहिल्यांदा ताडकन बोलल्या, "खोटी बोलते! सकाली जपमाळ अर्धी सोरली. सात हाय तिचं!"

मी ग्रेसीकडे बघितलं, ग्रेसीने माझ्याकडे. दोघींना औषध दिलं. तासाभराने दोघींचे गुडघे वाकले. कधी नव्हे ते व्यायामाच्या मुलीला दोघींनी "थांब बाय, अजून एकदा" म्हटलं.

तेव्हापासून आम्ही तसंच ठरवून टाकलं. नियमाप्रमाणे पेशंटने स्वतः सांगितलेला आकडा अभ्यासाच्या फॉर्मवर जायचा, म्हणजे शून्य. त्याच्याखाली शेरा लिहायचा आणि औषध त्या शेऱ्यावर द्यायचं. 'हिराबाई: शून्य. शेजारीण: आठ.' 'फिलोमिना: शून्य. शेजारीण: सात.' अभ्यास चमकायचा तेव्हा चमकेल, गुडघा काही आखडायचा थांबणार नव्हता.

महिनाअखेर ही पानं मुंबईला, अभ्यासाच्या मुख्य ऑफिसात गेली. तिथून एका मुलाचा फोन आला. फार सौजन्याने विचारलं,

"मॅडम, हे 'शेजारीण' कोणत्या कंपनीचं मॉनिटर आहे? रीडिंग फार ॲक्युरेट येतंय!"

*

फिलोमिनाबाई मावशींच्या चार दिवस आधी घरी गेल्या. जाताना हिरामावशींना सुकेळ्यांचं पुडकं दिलं आणि मला म्हणाल्या, "तिच्यावर लक्ष ठेव." लक्ष ठेवलं, पण त्या पलंगावर आता कोण्या तरण्या मुलीला आणून झोपवलेलं, तिला स्वतःच्या पायापुढे काही दिसत नव्हतं. हिरामावशी परत शून्यावर! गुडघा परत दगड. मला रडू यायचं बाकी होतं.

दुपारी वॉर्डातला फोन वाजला. भुईगावहून फिलोमिनाबाई.

"आत्ताच तिच्याशी मोबाइलवर बोलले. 'बरी हाय' म्हणाली, पण 'हाय' म्हणताना आवाज बसला. नऊ आहे. तू तिथे उभी राहून काय करतेस?"

मी धावले. त्यानंतर रोज तीन वेळा भुईगावहून फोन यायचा आणि रोज तीन वेळा औषध योग्य वेळी जायचं. घरी जाताना मावशींचा गुडघा काटकोनात वाकला. ग्रेसीने टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या, कारण त्या क्षणी मला अभ्यासबिभ्यास काही आठवत नव्हतं.

*

तीन महिन्यांनी लग्नाचं बोलावणं आलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मला, भूल देणारीला! ग्रेसी आणि मी गेलो. मांडवात फिलोमिनाबाई आधीच येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या, निळी साडी, केसांत अबोली. मला शेजारी जागा धरून ठेवलेली.

हळदीची वेळ झाली. हिरामावशींसाठी खुर्ची ठेवली होती. त्यांनी ती पायाने मागे सारली, उजव्याच पायाने, आणि उभ्या राहून धवला धरला. बायकांनी मागून साथ दिली. नवरी रडायला लागली, ग्रेसीही रडायला लागली. माझं लक्ष मात्र मावशींच्या मुठीकडे. मूठ दिसेना, हातात हळदीचं ताट होतं.

न राहवून मी फिलोमिनाबाईंच्या कानाला लागले, "किती असेल?"

त्यांनी डोळे मिटून एक अख्खं कडवं ऐकलं. या बाईने हिरामावशींना तीन महिन्यांत चारच्या खाली एक आकडा दिलेला नाही.

"शून्य," त्या म्हणाल्या. "खरं शून्य."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात समोर हिरामावशींनी गाता गाता, सूर न सोडता, ताट एका हातावर घेतलं, फिलोमिनाबाईंच्या पायांकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं वर केली.

मी खाली बघितलं. फिलोमिनाबाईंनी साडीच्या काठाआड आपल्या नव्या कोऱ्या चपला हळूच काढून बाजूला सारल्या.