सर हक्कसोडीला बसले तेव्हा

प्रा. माधवराव सातकर सरांच्या पहिल्याच तासाला मी हादरले होते. नगरच्या विधी महाविद्यालयात दिवाणी कायदा शिकवायला ते उभे राहिले आणि म्हणाले, "वडिलांची जमीन ज्यांच्या नावावर लागेल, त्यांनी हात वर करा." मुलांचे हात वर गेले. आम्ही मुली एकमेकींकडे पाहत बसलो. "कायदा मुलींनाही सारखाच वाटा देतो. मग हे हात खाली कुणी ठेवले?" सरांनी विचारलं.

वाटपाचा कायदा त्यांनी पुस्तकापेक्षा दस्तनोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसवून शिकवला. तिथे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला येत. माहेरचा वाटा भावाला सोडायचा आणि त्याने दिलेली साडी घेऊन सासरी परतायचं, अशी रीत. सर प्रत्येकीला हात जोडून विचारीत, "ताई, मनापासून सोडताय ना?" एका भावाने तर त्यांची कॉलर धरली. सर जागचे हलले नाहीत.

मी संगमनेरला वकिली सुरू केली तेव्हा सरांनी स्वतःचं टेबल टेम्पोत घालून पाठवलं. आजही मी त्याच टेबलाशी बसते.

म्हणूनच गेल्या महिन्यातल्या त्यांच्या फोनने माझ्या पायाखालची जमीन सरकली. "हक्कसोडपत्र करायचंय. जामखेडला साक्षीला ये. चंद्रा येणार आहे." चंद्राताई सरांच्या धाकट्या भगिनी. नवऱ्याच्या माघारी माहेरी येऊन तिथलं कोरडवाहू रान त्या एकट्या कसतात. त्याशिवाय त्यांना आधार नाही. आणि सर त्यांचा वाटा सोडवून घेणार? जाब विचारायचाच, असं ठरवून मी गेले.

कार्यालयात कारकुनाने सवयीने कागद चंद्राताईंपुढे सरकवला. त्यांनीही मुकाट्याने पेन उचललं. सरांनी ते हळूच काढून घेतलं.

"चंद्रे, सही माझी आहे. माझा वाटा मी तुला सोडतोय."

कारकून उठूनच उभा राहिला. मी तर खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आरं दादा, भाऊ कुठं सोडतो व्हय? लोकं काय म्हनतील?"

"आपल्या बापाचं रान तू राखलंस. मी नुसता शिकवत बसलो."

मी पुढे होऊन विचारलंच, "सर, मनापासून सोडताय ना?" सर खळखळून हसले आणि सही केली.

चंद्राताई तडक बाहेर गेल्या. परतल्या त्या कोरी पांढरी टोपी घेऊन. "रीत म्हंजी रीत. सोडनाऱ्याला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत." सत्काराच्या शालीही नाकारणाऱ्या सरांनी ती घालून घ्यायला मान खाली घातली. मी मात्र भर कार्यालयात रडले.

आज पंचाहत्तरीच्या सोहळ्याला सर तीच टोपी घालून आले आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत राहो. ही टोपी विरली की चंद्राताईंनी दुसरी आणावी, ती विरली की तिसरी. आणि दर वेळी सरांनी अशीच मान खाली घालावी.