देवळालीचे कान

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी देवळाली कॅम्पहून निघाले, तेव्हा दारात शेजारच्या मंदाबाईंनी विचारलं, "ताई, तिकडं लढाईबिढाई तर नाय ना?" तेवढ्यात तोफखान्याच्या मैदानावरून दोन बार झाले आणि मांडणीतल्या कपबश्या खुळखुळल्या. आम्ही दोघींनी तिकडे लक्षही दिलं नाही. चाळीस वर्षं हा आवाज ऐकतेय. दूधवाला आला म्हणावं, तसं आम्ही 'सराव चाललाय' म्हणतो.

माझी लेक सुखदा आणि जावई एस्टोनियाच्या पूर्व टोकाला, एका नदीकाठच्या गावात राहतात. अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशिया. नदी एवढी अरुंद, की पलीकडचा माणूस कोणत्या रंगाची टोपी घालून गळ टाकतोय तेही दिसतं. मध्ये एक पूल, पुलावर दोन्हीकडे चौक्या. मी पोचले त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंना लष्करी सराव सुरू झाले होते. जावयांनी मला नकाशा काढून समजावलं: हे सराव करतात कारण ते करतात, आणि ते करतात कारण हे करतात. मी मान डोलावली. पहिला बार कोणाचा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

खालच्या मजल्यावर वेरा नावाच्या आजी राहत. सुखदा त्यांना बाबुश्का (आजी) म्हणायची. मी निफाडचे मनुके नेऊन दिले, त्यांनी बोर्श्च (बिटाचं आंबटसर सार) आणि काळा पाव वाढला. आजी बोलायच्या रशियन, राहायच्या एस्टोनियात. नातू आंद्रेई इकडच्या सैन्यात सक्तीची नोकरी करत होता, तर पलीकडे राहणाऱ्या बहिणीचा नातू तिकडच्या सैन्यात. दोघेही सरावावर. मग शत्रू कोण, असं मी सुखदाला विचारलं. तिने ते आजींना विचारायचं टाळलं.

दर बुधवारी आजी पूल ओलांडून बहिणीकडे जेवायला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. त्या बुधवारी मात्र टोपी घालून दारातच उभ्या राहिल्या. लांबून धडाम्-धुडुम् चाललं होतं. गुरुवारी आंद्रेईला एका दिवसाची सुट्टी होती, दोन महिन्यांतली पहिली. पूल बंद झाला तर, ही त्यांची धास्ती.

आता माझ्यातली जाणकार गप्प बसते होय? मी सुखदाला म्हटलं, "त्यांना सांग, हा नुसता सराव आहे. आमच्याकडे रोज असतो. बिनधास्त जा म्हणावं."

"आई, हे देवळाली नाही."

"तोफ ती तोफच. तू सांग."

तिने सांगितलं. आजींनी बूट चढवले.

तीन वाजता पूल बंद झाला. कारण कोणी सांगितलं नाही. आजींचा पलीकडून फोन आला: उद्या चार वाजता काठावर येते, आंद्रेईला आणा.

आंद्रेई गुरुवारी आला तो गणवेशातच. काठावरच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं: गणवेशात कठड्याजवळ जायचं नाही. मग त्याने तिथेच सदरा काढला आणि सोबत आलेल्या जावयांच्या अंगातला स्वेटर चढवला. बाह्या कोपराखाली जेमतेम पोचत होत्या. पलीकडे आजी आणि त्यांची बहीण उभ्या होत्या. आजी आमच्यावरून नजर फिरवत होत्या, पण परक्या स्वेटरातला नातू त्यांना ओळखू येईना. त्याने टोपी काढून हलवली, तेव्हा कुठे त्यांचे दोन्ही हात वर गेले. तो ओरडून काहीतरी बोलला. त्याच वेळी लांब एक बार झाला. कोणत्या बाजूला, मला विचारू नका. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाने दचकले.

मी आंद्रेईची माफी मागितली. तुम्ही चांगल्या मनानेच सांगितलंत, असं तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि मला जास्तच अपराधी वाटलं. पाच वाजताच्या बसने तो छावणीत परत गेला. पूल शनिवारी उघडला, पण मी त्याआधीच विमानात बसले होते. आजींची भेट झालीच नाही.

घरी पोचले त्या दुपारी सुखदाचा फोन आला. आजी परत आल्या होत्या. मी बोलत असतानाच मैदानावर बार सुरू झाले, कपबश्या खुळखुळल्या. दारातून मंदाबाई म्हणाल्या, "सराव चालू हाय, ताई." मला हो म्हणवेना.

सुखदा म्हणाली, आजींनी एक विचारलंय. तुमच्याकडे रोज तोफा उडवतात ती मुलं कोणाची? सुट्टीला घरी जातात का?

चाळीस वर्षं मी त्यांचा आवाज ऐकतेय. त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नाही.