मागच्या सीटला दार नव्हते

परवा बेंबळीत भंगारवाल्याकडे आमच्या जुन्या गाडीसारखीच गाडी दिसली. जीपपेक्षा मोठी, तरी दोनच दारांची. उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या वासाने मी पुन्हा मागच्या सीटवर, ताईशेजारी जाऊन बसलो.

या गाडीची रचना समजून घ्यायला हवी. मागच्याला उतरायचे, तर पुढच्याने उठून आपली सीट वाकवावी लागे.

आम्ही ताईला सासरी सोडायला निघालो होतो. जळकोट मागे पडताच ती पुढे बसलेल्या वडिलांना म्हणाली, “अण्णा, मला तिथं न्हाय जायचं. उतरू द्या.”

“काचंतनं उडी मारतीस का?” गाडी चालवणारे काका हसले. अण्णा उठले नाहीत.

महिनाभराने तिच्या मातीला आम्ही त्याच गाडीतून गेलो.

पुढे अशा गाड्यांना मागेही दारे आली. भंगारातली ती सीट मी वाकवून पाहिली. एका हाताने वाकली.