कुंकवाची काळी शाई

टाक दौतीत बुडवला की मास्तर पहिली रेघ डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढायचे. "आदी नख, मग कागद." ते नख कायम काळं. सातारला माझ्या फ्रेमच्या दुकानाबाहेर, मांडीवर फळी घेऊन माणसांचे चेहरे काढणारा हा गडी तुम्हीही पाहिला असेल.

मूळचे कुंडलचे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. "आधी पेन्सिलीनं काढा की," म्हटलं की उसळायचे. "भित्र्यानं धरावी पेन्सिल, गड्या!" पिकले केस काढताना मात्र हात हलका. पांढरं शाईनं काढता येत नाही, तिथं कागद कोरा राखावा लागतो. रेघ चुकलीच तर वाळल्यावर ब्लेडनं अलगद खरवडायचे.

एकदा वडूजहून एक बाई दिराबरोबर आल्या. नवरा फौजेत होता, वारलेला. त्याच्या फोटोशेजारी लावायला बाईंचं चित्र हवं होतं. दीर चहाला गेला तशा त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, कुंकू काढा. ह्यांच्या शेजारी मोकळ्या कपाळानं न्हाई ऱ्हानार मी."

मास्तरांनी कपाळावर गोल, भरीव ठिपका काढला. सगळ्या चित्रात तेवढंच गच्च काळं.

दीर परतला आणि भडकला. "आवं मास्तर, वहिनी विधवा हाय! ब्लेड हाय न्हवं? खरवडा ते."

"चूक खरवडतो मी. ही चूक न्हाई."

"मग हे आमच्या घरात येनार न्हाई."

"नगं येऊ दे. हितं लागंल."

बाई खाली मान घालून दिरामागून गेल्या. मी शेपूट घातली. "मास्तर, माझं निम्मं गिऱ्हाईक वडूजकडचं हाय."

"मग निम्म्या गिऱ्हाइकाला दिसू दे. खिळा दे."

चित्र दर्शनी भिंतीवर लागलं. कुणी नाक मुरडलं की मास्तर बाकावरून म्हणायचे, "थांब, तुजंबी काढतो. अस्संच, मुरडल्यालं."

गेल्या वर्षी मास्तर गेले. दुकानात अजून करमत नाही मला.

परवा त्या बाई आल्या. एकट्या, एसटीनं. कपाळावर ठसठशीत कुंकू. "मास्तर कुठं हायत? चित्र न्याया आले."

मास्तर गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं, आता माघारी जातील. डोळे पुसून म्हणाल्या, "काढा खाली. आता तर नेनारच."

मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"झाकू नगा."

चित्राचं तोंड बाहेर करून त्यांनी ते छातीशी धरलं आणि भर बाजारातून स्टँडकडे चालू लागल्या.