ग्राउंड आखणाऱ्या चौदाजणी

१९९८ च्या जानेवारीत मी साठ दिवसांच्या रजेवर घरी आलो. माझं गाव हिंगणघाट तालुक्यात, वडनेरच्या पलीकडे. युनिट तेव्हा मणिपुरात होतं. मी सिग्नल्समध्ये नाईक.

रजेच्या आधीच्या रविवारी माझा जोडीदार इबोमचा मला त्याच्या गावी हॉकीची मॅच दाखवायला घेऊन गेला. तो रेडिओ ऑपरेटर, तिथलाच. १४०० अवर्सला, म्हणजे दुपारी दोनला, खेळ सुरू झाला. दोन्ही टीम बायकांच्या. सेंटर फॉरवर्ड त्याची थोरली बहीण, दोन लेकरांची आई. तिचा नवरा तान्हं बाळ मांडीवर घेऊन बाउंड्रीवर बसला होता. मला हसू फुटलं.

इबोमचानं विचारलं, "तुम्हारे यहाँ औरतें क्या खेलती हैं?"

"भुलाबाई. गाने गाती हैं."

"शादी के बाद?"

मी मॅचकडे बघू लागलो.

"तुम्हारी बहन है ना? घर जाओ तो पूछना, खेलना है क्या."

आमच्या गावात दर जानेवारीत कबड्डीचे सामने होतात. त्या वर्षीही सामन्यांच्या दिवशी पहाटे पाचला माझी धाकटी बहीण रेखा आणि तिच्यासोबतच्या तेराजणी मैदानावर हजर होत्या. त्यांनी खडे वेचले, पाणी मारलं, सुतळी ताणून चुन्याच्या फक्कीनं रेषा आखल्या. काम झालं की पोरींनी बाहेर व्हायचं. आखलेल्या रेषेच्या आत पुन्हा पाय ठेवायचा नाही, अशी रीतच होती. भरती होण्याआधी मी त्याच रेषांवर आठ वर्षं खेळलो. ही रीत मला एकदाही खटकली नव्हती, याची आजही लाज वाटते.

"रेखे, तुले खेळाचं हाय का?"

तिनं फक्कीचे हात झटकले. "कोन खेळू देते, दादा?"

नाही म्हणाली नाही. मला तेवढं पुरे होतं.

१६०० अवर्सला उद्घाटन. समुद्रपूरची टीम आलेली. गावचा फौजी म्हणून नारळ फोडायचा मान माझा. मंडळाचे अध्यक्ष सदाशिवकाका यांनी नारळ हाती दिला. मी तो घेऊन उभाच राहिलो.

"काऊन थांबला रे? फोड ना."

"ज्याइनं ग्राउंड आखलं त्या आधी खेळतीन, काका. मंग फोडतो."

"पोरी? लोकं हासतीन."

"हासू द्या."

बाबा मांडवातून उठून आले. "तिचं लगन करा लागते मले. पाय मोडला तं कोन पसंत करीन तिले?"

"मोडला तं मी सांभाळीन, बाबा."

दहा मिनिटं कोणी हललं नाही. मीही नाही. सेंट्री ड्यूटीत दोन-दोन तास उभं राहायची सवय होती, ही मंडळी मला काय थकवणार! मग रेखानं ओढणी कमरेला कसली आणि रेषेच्या आत पाऊल टाकलं. तिच्यामागून तेराजणी.

सात-सातच्या दोन टीम झाल्या. वीस मिनिटं खेळ चालला. पहिली पाच मिनिटं लोक हसले, नंतर हसायचं विसरले. रेखाचे दोन्ही गुडघे फुटले. तिघींना ओढत तिनं मधली रेषा गाठली, तेव्हा पहिली टाळी समुद्रपूरच्या कॅप्टननं वाजवली. माझी छाती फुगली. मी नारळ फोडला. बाबा मात्र रजा संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं कधी एकदा इबोमचाला सांगतो असं झालं होतं. युनिटमध्ये पोचलो तर सुभेदार साहेब म्हणाले, "इबोमचा नहीं रहा."

चार दिवस झाले होते. ०६२० अवर्स, ताफ्याच्या पुढे रस्ता तपासत जाणारी रोड ओपनिंग पार्टी, स्फोट. जखमी असताना त्यानं सेटवर शेवटचा मेसेज दिला होता. "रोड क्लियर नहीं. गाड़ी रोको. ओवर." मागच्या कॉन्व्हॉयमधले सगळे वाचले. मी युनिफॉर्ममध्ये, सगळ्यांसमोर रडलो.

२००५ साली पेन्शनवर आलो. तेव्हापासून गावातला पहिला सामना पोरींचा असतो, इबोमचाच्या नावानं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "ना आपल्या गावचा, ना आपल्या जातीचा. त्याचं नाव काऊन?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. "पोरीले खेळाचं हाय का, हे तिले इचार म्हननारा तो पयला मानूस. त्याच्या आधी या गावात कोनं म्हटलं असन तं सांगा, त्याचं नाव देतो."

अजून कोणी पुढे आलेलं नाही.