चाक धरणारे हात

लोक मुलीच्या लग्नासाठी नवस बोलतात. मी टायरसाठी बोलले. मॉन्ट्रियलजवळ लव्हालला आमचं घर, तिथल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून सांगितलं, अंबाबाई, माझ्या लेकीची, ईशानीची सायकल पंक्चर होऊ देऊ नकोस. आणि व्हायचीच असेल तर वाटेत कुठेही होऊ दे, पण शेवटच्या दगडी पट्ट्यावर नको. तिथे हे उभे असणार आहेत.

हे म्हणजे आमचे शरदचंद्र मगदूम. इचलकरंजीचे. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मॉन्ट्रियलच्या एका कापडाच्या फॅक्टरीत आले, ती बंद पडल्यावर दुसऱ्या फॅक्टरीत गेले, ती बंद पडल्यावर स्कूलबस चालवायला लागले. दोन वर्षांपूर्वी तेही सोडलं. चालत्या मागावर तुटलेला धागा सांधणारी त्यांची बोटं. माझ्या मंगळसूत्रातला मणी निसटला तर सोनाराकडे जायची गरज पडली नाही कधी. माणूस बोलायला शून्य, भांडायला त्याहून शून्य. मी एकटीने किती भांडायचं?

या माणसाला आयुष्यात वेड एकच. उत्तर फ्रान्समध्ये रुबे नावाचं गाव आहे, आपल्या इचलकरंजीसारखंच कापडगिरण्यांचं. तिथल्या दोन गिरणीवाल्यांनी सायकलींसाठी गोल ट्रॅक बांधला आणि गावाचं नाव व्हावं म्हणून १८९६ साली पॅरिसपासून तिथपर्यंत एका दिवसाची शर्यत काढली. ह्यांना फॅक्टरीतल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच फिटरने ते सांगितलं, आणि झालं, माणूस कामातून गेला. दर एप्रिलात एका रविवारी आमच्याकडे सकाळी उपमा टीव्हीसमोर होतो. पहिल्या महायुद्धात त्या मुलखाची राखरांगोळी झाली, नंतर रस्ता बघायला गेलेले पत्रकार त्याला उत्तरेचा नरक म्हणाले, तेच नाव चिकटलं. पुढे गावोगावी डांबर पडायला लागलं आणि दगडी रस्ते संपत आले. तेव्हा शर्यतीवर जीव असलेल्या लोकांनी उरलेले पट्टे वाचवले, आणि अजूनही ती मंडळी गुडघ्यांवर बसून निखळलेले दगड परत बसवतात. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर एक दगड. मी म्हटलं, दगडच हवा असेल तर मॉन्ट्रियलच्या कुठल्याही खड्ड्यातून उचलून आणा, फुकट मिळेल.

पण बायकांची शर्यत २०२१ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा हा माणूस टीव्हीपुढे बसून रडला. ईशानी तेव्हा कॉलेजात होती आणि नुकती सायकल चालवायला लागली होती. त्या दिवशी बाप-लेकीचं काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नाही, मला ते आपोआप कळलं. बेसमेंटमध्ये सायकलचे स्टँड आले, माझी लोणच्याची बरणी तिथून हलली.

मॉन्ट्रियलच्या पूर्वेला तासाभरावर एक छोटं गाव आहे. तिथे जुन्या खाणीकडे जाणारे दगडी रस्ते अजून शिल्लक आहेत. दगडी रस्त्याला फ्रेंच लोक पाव्हे म्हणतात, म्हणून त्या गावच्या शर्यतीचं नावही नुसतं पाव्हे. सगळे रिवाज रुबेचे. दगडांचे पट्टे मोजलेले, जिंकणारीला दगड, आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी घरची माणसं सायकलचं चाक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी. रस्ते अरुंद, मदतीची गाडी मागे अडकते, म्हणून पंक्चर झालेली मुलगी आपल्या माणसाचं चाक शोधत येते. चार वर्षं हे शेवटच्या पट्ट्याच्या टोकाशी उभे राहत होते. आजूबाजूचे लोक त्यांना "मस्यू रू" म्हणायला लागले होते, म्हणजे चाकवाले साहेब. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ज्या माणसाला आरतीचं ताट धरायला कोणी सांगत नाही, त्याला तिथे मान होता.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. विंटर टायर बसवताना ह्यांच्या हातातून नट तीनदा पडला. मग शर्टाची बटणं मी लावायला लागले. मग चहा बशीत सांडायला लागला. विचारलं की म्हणायचे, थंडीने. मी म्हटलं, घरात हीटर आहे. फॅमिली डॉक्टरने पुढे पाठवलं, तिथल्या डॉक्टरबाईंनी ह्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं आणि शेवटी शांतपणे आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. गोळ्यांनी बरं वाटेल म्हणाल्या, पण हा जाणार नाही.

पार्किंगमध्ये गाडीजवळ हे थांबले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं. ईशूला पाव्हे होईपर्यंत सांगायचं नाही. यंदा तिच्या क्लबने ठरवलं होतं, पहिल्या आठांत जी येईल तिला पुढच्या वसंतात फ्रान्सला न्यायचं, खऱ्या दगडांवर. आजाराचं कळलं तर ही पोरगी सायकल भिंतीला टांगून लव्हालला आमच्याकडे परत राहायला येईल, हे दोघांनाही माहीत होतं. मी हो म्हटलं. पण एक अट घातली, या वेळी चाक क्लबातल्या कोणाला तरी द्या.

"चाक घरचं माणूस धरतं," हे म्हणाले.

बस. पुढे दीड महिना मी डोकं आपटलं तरी त्या वाक्याच्या पुढे गाडी सरकली नाही. आणि भीती कशाची होती ते नीट सांगते. चाक वर धरायला ह्यांना काही होत नव्हतं, उलट जड काही धरलं की हात बरेच स्थिर राहायचे. पण हल्लीच्या सायकलींचं पुढचं चाक एका आडव्या दांड्यावर बसतं. तो दांडा फिरवून बाहेर ओढायचा, चाक बदलायचं, दांडा बारीक भोकातून परत आत सारायचा आणि फिरवून घट्ट करायचा. तिथे पोरगी एका पायावर उभी असते आणि बाकीच्या बाजूने निघून जात असतात. तिथे हात चुकला तर फ्रान्स गेलं. आणि ते बापाच्या हातून गेलं, हे बापाने जन्मभर मनात धरलं असतं. या माणसाला मी ओळखते.

हे रोज दुपारी बेसमेंटमध्ये सराव करायचे. मी वर भाजी चिरत बसायचे आणि कान खाली. दांडा सिमेंटवर पडला की ठण्ण आवाज यायचा. थोडा वेळ शांतता, की मला वाटायचं बसला एकदाचा, तेवढ्यात परत ठण्ण.  एकदा खाली जाऊन म्हटलं, मला शिकवा, मी बसवते. हे हसले. तुझ्याने स्कूटरचं स्टँड लागत नव्हतं, म्हणाले. खरंच लागत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. त्या दिवशी मी मुद्दाम आमटीत मीठ कमी टाकलं.

शर्यतीच्या दिवशी पाऊस नव्हता, पण आदल्या दिवशीचा चिखल होता. बर्फ वितळून शेतं नुसती पाण्याने भरलेली. आम्ही शेवटच्या पट्ट्याच्या टोकाशी उभे राहिलो. लोक घंटा वाजवत होते, मुलं गालावर रंग लावून, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या हातात वाईन. एकाने लांबूनच ह्यांना मस्यू रू म्हणून हाक मारली. ह्यांनी चाक वर केलं आणि मान ताठ केली. मी ह्यांच्या जॅकेटच्या खिशाकडे बघत होते, कारण चाक खाली ठेवलं की उजवा हात लगेच तिथे जायचा. खिसा आतून हलत होता.

ईशानी आमच्याकडे न बघता गेली तर बरं, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते. पुढची टोळी आली. दगडांवरून येताना त्यांचे नुसते दात वाजताना ऐकू येतात की काय असं वाटतं. तोंडं चिखलाने एकसारखी, कोणती कोणाची ओळखायची सोय नाही. सहाजणी गेल्या, त्यांत आमची नव्हती. मग दोघी आल्या, आणि दुसरीच्या पुढच्या चाकातली हवा गेलेली, रिम दगडांवर खडखडत होती. तिने हात वर केला.

"बाबा!"

अंबाबाईने माझं ऐकलं नाही.

हे पुढे झाले. सायकल ईशानीने धरली, ह्यांनी दांडा फिरवून बाहेर ओढला, जुनं चाक काढलं, नवं बसवलं, इथपर्यंत सगळं बेसमेंटसारखंच. मग दांडा भोकाशी नेला आणि तो भोकाच्या आजूबाजूला टकटक आपटायला लागला. एकदा, दोनदा. हात इतका हलत होता की मलाच बघवेना. तिसऱ्यांदा दांडा सुटला आणि चिखलात पडला. ठण्ण आवाजही झाला नाही. बाजूने चौघी निघून गेल्या. ईशानीने खाली बघितलं, दांड्याकडे नाही, ह्यांच्या हाताकडे.

मी काय केलं ते मला आत्ताही नीट आठवत नाही. दांडा उचलला, पदर नव्हताच, स्कार्फला पुसला, ह्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट माझ्या दोन्ही हातांनी आवळून धरलं. लहान पोराचा हात धरून गिरवायला शिकवतात, तसं आम्ही दोघांनी मिळून तो भोकात सारला. आत गेला. फिरवायचं काम ईशानीनेच खाली वाकून केलं. उठली, सायकलवर बसली आणि गेली. हे चिखलात तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. आजूबाजूचे "अले, अले", म्हणजे चल, चल, असं ओरडत होते, ते तिच्यासाठी होतं.

पोरगी बारावी आली.

आम्ही परत निघालो. गाडी मी चालवत होते, हे बाजूला, ती मागे. हे एकदाच म्हणाले, माझ्यामुळे गेलं.  आरशात बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मला वाटलं, आता ही बापाशी कधी नीट बोलणार नाही. 

घरी आल्यावर मी चहा टाकला, दुसरं करण्यासारखं काय होतं? तिघं टेबलाशी बसलो. दगडांवरून आलं की ईशानीचे हात दोन-तीन दिवस थरथरतात, हे आम्हाला दरवर्षीचं. हँडल धरून धरून बोटांत जीव उरत नाही. समोर हे बसलेले, उजवा हात टेबलाखाली. कपाला हात लावत नव्हते. ईशानीने आपला हात टेबलावर उताणा ठेवला. बोटं हलत होती. मग ती म्हणाली, बाबा, तुमचा हात दाखवा. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिने स्वतःचा हात तसाच ठेवला. शेवटी ह्यांनी हात वर आणून तिच्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही हात सारखेच हलत होते.

"माझे बुधवारपर्यंत थांबतील," ती म्हणाली. "तुमचे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी वचन दिलं होतं पाव्हे होईपर्यंतचं, आणि पाव्हे झाली होती.

"थांबणार नाहीत," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाई, गोळ्या, बेसमेंटमधली ठण्णठण्ण, सगळं. सांगताना मी रडले आणि चिडलेही, दोन्ही एकदम, कोणावर ते माहीत नाही. ईशानी रडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिने ह्यांचा कप ओढला, त्यातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला आणि कप ह्यांच्यापुढे ठेवला.

"कोपरं टेबलावर टेका," ती म्हणाली. "कपाचा कान नाही धरायचा, बाबा. दोन्ही तळव्यांत धरायचा, असा. पाव्हेनंतर वी ऑल डू इट लाइक दिस."

तिने स्वतःचा कप तसा धरून दाखवला. ह्यांनी कोपरं टेकली, कप तळव्यांत घेतला, मान खाली नेली आणि प्यायले. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच थेंब सांडला नाही. मग हे म्हणाले, तुझं फ्रान्स गेलं ना गं. ती म्हणाली, ते दगड सव्वाशे वर्षं तिथेच आहेत, कुठे पळून जात नाहीत. आणि पुढच्या वर्षी चाक वर तुम्हीच धरायचं, तुमच्याशिवाय मला कोणाचं ओळखू येत नाही. दांडा आई बसवेल.

माझा आता बेसमेंटमध्ये सराव चालू आहे. हे खुर्ची टाकून बसतात आणि चुका काढतात, एवढा बोलका नवरा मला पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता. आजार वाढतोय, ते मला दिसतं. परवा डाव्या हातालाही सुरुवात झाली. पुढच्या वसंतापर्यंत चाक वर धरता येईल का, हे मी डॉक्टरबाईंना विचारलेलं नाही.

ईशानीचे हात त्या बुधवारी थांबले, सांगितल्याप्रमाणे. पण अजूनही ती लव्हालला आली की कोपरं टेबलावर टेकते, आणि चहा दोन्ही तळव्यांत धरूनच पिते.