शनिवारचा वाफाळता चहा

ती घटना अजून मनातून जात नाही. गेल्या आठवड्यात दुबईजवळ उम्म अल कुवैनला लेकीच्या घरी एक युद्धपट पाहिला आणि ती पुन्हा पुढ्यात आली. सिनेमात ज्यू तरुण जंगलातून जर्मनांशी लढतात, त्यांच्या घरची माणसं एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपतात. सैनिक झडतीला आले तेव्हा नात म्हणाली, "आज्जी, यू वेअर पोलीस. तुला सापडले असते?"

"पाच मिनिटांत," मी तोऱ्यात म्हणाले. मग पॉपकॉर्नचा वाडगा बाजूला ठेवला.

तेव्हा मी कोकणात नवी फौजदार होते. इस्त्री कडक, अक्कल बेताची. एकोणीस वर्षांची मुलगी बेपत्ता असल्याची नोंद तिच्या भावांनी केली होती. ती गावातल्या एका ज्यू विधवेकडे असल्याची खबर मिळाली. शनिवारी सकाळी मी पंचांसह झडती घेतली. पलंगाखाली वाकले; भाताच्या कणगीमागे गेले नाही, गणवेश मळला असता ना.

"मी एकटीच असते गं," म्हातारी म्हणाली. तरी आलेल्याला रिकामं कसं धाडायचं, म्हणून चुलीवर तयार असलेला वाफाळता चहा दिला. मी दोन कप प्यायले, 'काही मिळून आले नाही' असा पंचनामा केला आणि ऐटीत जीपमध्ये बसले.

नाक्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, हे लोक शनिवार पाळतात. आज चूल पेटवत नाहीत. मग चहा केला कोणी?"

मागे फिरलो. कणगीमागून मुलगी निघाली. संध्याकाळपर्यंत तिला भावांच्या ताब्यात द्यायचं आणि साहेबांची शाबासकी घ्यायची, असा माझा बेत.

"खोटं का बोललात?" मी म्हातारीला दरडावलं.

"शनिवारी खोटं बोलले, त्याचा जाब देवाला मी देईन. हिला घरी धाडलंस तर भाऊ विहिरीत ढकलतील. त्याचा तू दे."

मुलीने पाठीवरचे वळ दाखवले. ठरवलेल्या लग्नाला ती नाही म्हणाली होती.

मी खाली बसून तिचा जबाब लिहिला. मुलगी सज्ञान होती. दंडाधिकाऱ्यांसमोर तिने घरी जायला नकार दिला आणि तिच्या मर्जीने तिला महिलाश्रमात ठेवलं. भाऊ ठाण्यात ओरडत राहिले.

माणूस सापडलं की तपास संपला, असं मला वाटायचं. ते कोणापासून लपलंय हे आधी विचारायचं, हे मला प्रशिक्षणात नाही, त्या घरात कळलं. मुलगी वाचली ती त्या बाईंमुळे. आणि एका जिवंत मुलीला रीतसर सही-शिक्क्यानिशी मरणाच्या दारात सोडण्यापासून मी वाचले, तीही त्यांच्याचमुळे.